फक्त उतरतंय

सोलापूर सपाट. गड्ड्याच्या मैदानापासून
होटगी रोडच्या टोकापर्यंत
ज्याला चढ म्हणावं असं काही नाही,
रेल्वेचा पूल सोडला तर.
आणि मी खाटेवर बसून, पंखा पाचवर,
दोनशे मिलिमीटर ट्रॅव्हलचा फोर्क शोधतेय.

इरण्णा म्हमाणे, साखर पेठेत तीस वर्षं पंक्चर काढतात,
फ्रेम उचलून बघतात, उलटी करून बघतात.
"हे वर चढतंय का ओ?"
नाही.
"मग काय करतंय?"
फक्त उतरतंय.
ते फ्रेम हळूच खाली ठेवतात,
पाहुण्यांचं झोपलेलं मूल ठेवावं तशी.

फ्रेम वापरलेली, पुण्याची. खालच्या नळीवर ओरखडा.
नायना म्हणाले, रॉकेल लाव. पूस. वर खडूची भुकटी टाक.
तडा असला तर ओली रेघ वर येते.
आम्ही दोघं उंबऱ्यात बसून
त्या रेघेची वाट पाहिली. चहा झाला.
आली नाही.

मागचा शॉक हवेचा घ्यावा की स्प्रिंगचा?
हवेचा हलका. पण इथल्या मे महिन्यातल्या हवेवर
माझा भरवसा नाही. स्प्रिंग.
आता स्प्रिंगला वजन सांगावं लागतं, आणि खरं.
हेल्मेट, गुडघ्यांची कवचं, पाण्याची पिशवी,
सगळं चढवून मी सुताच्या काट्यावर उभी राहिले,
गाठींच्या रांगेत.
मैनुद्दीन म्हणाला, "अडुसष्ट."
लग्नाच्या माहितीपत्रकात मावशीने चोपन्न लिहिलंय.
ती स्प्रिंग मिळाली असती तर
पहिल्याच उडीत तळाला आपटले असते.

ब्रेकवर पैसे वाचवायचे नाहीत,
हे मात्र नायना न विचारता बोलले.
"माग पळवायला कुणीपण पळवतंय.
बाणा तुटला की जागेवर थांबतो, तो माग."
म्हणून चार पिस्टनचे, दोन्हीकडे मोठी डिस्क.
त्यात दोन पगार गेले.
गियर सातच. उताराला सात जास्तच होतात.

हँडल आठशेचा. आमच्या दारातून सरळ जात नाही.
शेजारचे अंबादासअण्णा करवत घेऊन आले:
दोन्हीकडनं थोडं थोडं कापू की.
नको म्हटलं. सायकल तिरकी करून नेईन.
दार घराचं आहे, हात माझे आहेत.

हब जुना मिळाला. इरण्णा म्हणाले, लोण्यासारखं फिरतंय.
नायनांना ऐकू कमी येतं, एकतीस वर्षं जॉबर होते,
त्यांच्या कानात माग अजून बंद व्हायचेत.
त्यांनी एक्सल दोन बोटांत धरला,
चाक फिरवलं, डोळे मिटले.
"डावीकडचं बेअरिंग खातंय."
इरण्णा हसले. मी उघडलं.
एका गोळीवर
तिळाएवढा डाग.
इरण्णांनी बेअरिंगचे पैसे घेतले नाहीत,
आणि त्या दिवसापासून नायनांना मास्तर म्हणतात.

टायर अजून ठरत नाहीत.
तुळजापूरच्या पुढे बालाघाटाचा दगड काळा, कडेला धार.
जाड घेतले तर जड, पातळ घेतले तर
मैनुद्दीनच्या टेम्पोपर्यंत पायी.
तोवर इरण्णांच्या माळ्यावरचे कुठलेतरी घातलेत,
एक टायर हिरव्या पट्ट्याचा.

आज पहाटे पाचला नायना म्हणाले, चल पुलावर.
सतरा किलो ढकलत आम्ही वर गेलो.
खालून मालगाडी जात होती.
त्यांनी कठड्यावर तळवा टेकला आणि
तसेच उभे राहिले, शेवटचा डबा जाईपर्यंत.

मग मी सोडली.
उतार अकरा सेकंदांचा. झाडूवाल्या बाई बाजूला झाल्या.
खाली दुधाच्या गाडीआधी दोन्ही बोटं ओढली
आणि ती थांबली, सगळं पोट पुढे येऊन थांबली.

मागे वळून पाहिलं. नायना वरच होते.
मागाच्या आवाजात कुणी बोलत नाही, खुणा करतात.
त्यांनी मूठ धरली, हवेत, डोक्याच्या वर,
आणि सावकाश उघडली.
म्हणजे: ठीक आहे. चालू दे.
मी सायकल वळवली
आणि परत वर ढकलायला लागले.