दळण होईस्तोवर

बसा. तुमच्या आधी मोहुर्लेबाईचे आठ किलो गहू हायेत
अन् उईकेची हरभऱ्याची डाळ.
लाइन गेली त दीड घंटा पकडा.
बाहेर ऊन असं, की चिमणीही सावली बदलत नाई.
फळीवरचं एखादं पुस्तक घ्या तवरिक,
पिठाचे हात चालतात अठी.

पुस्तकं माही नाईत.
शाळेत पोट्टे सात उरले, कुलूप लागलं,
खोब्रागडे सरांची बदली झाली.
जाताना पेटी ठेवून गेले,
म्हणे, उन्हाळाभर सांभाळा फक्त.
हा चौथा उन्हाळा.

मी पाचवी शिकेल माणूस.
सगळी वाचली असं सांगत नाई,
पण कोणतं कोणाच्या घरात चालते
ते मले परत आलेल्या पानांवरून समजते.

हे निळ्या पुठ्ठ्याचं पाहा. समुद्रातलं.
माशाचं पिल्लू मायले शोधत फिरते.
बावीस घरं झाली त्याची.
चाळिसाव्या पानावर हळदीचं बोट,
म्हणजे तठी सैपाक थांबला होता.
पुढं मोहाचा डाग, अजून चिकट लागते हाताले:
पहाटे फुलं वेचून आलेल्या कोण्या पोरीनं
टोपली उतरवायच्या आधी पान पलटवलं असन.
समुद्र आमच्या गावात कोणी पाह्यला नाई.
शेवटच्या पानावर मात्र खारट काहीतरी वाळलं हाय.
घाम म्हणा.

हे जाडं, भुताचं.
भूत लय भित्रं हाय, लेकरं खदखदा हासतात.
पण बाप लोक रातच्याले मोटर सुरू कराले जात नाईत,
म्हणून ओलिताच्या पाळीत नेऊ नका.

कोड्यांचं पाहिजे?
त्याची उत्तरं मागच्या दोन पानांवर होती,
ते पुंजाराम नेवाऱ्याच्या शेळीनं खाल्ले.
तवापासून जास्तच चालते.
अंगणात पाणी शिंपून, खाटा टाकून
अख्खं घर भांडते बारालोक.
शेळी मात्र होती तशीच राह्यली.

अन् हे राजाराणीचं.
बाकी चांगलं हाय, एकच पान
सासऱ्यापुढं मोठ्यानं वाचता येत नाई.
भागरथाच्या सुनेनं ते खळ लावून चिकटवून आणलं,
माह्याच चक्कीच्या पिठाची खळ.
पुढच्या घरी कोणंतरी
चहाच्या वाफेवर नीट उकललं,
कोपरा सुद्धा फाटू देला नाई.
आता एका घरी चिकटते, दुसऱ्या घरी सुटते.
मी काही बोलत नाई.

त्या पोत्यावर बसल्या ना, त्या तानाबाई.
दर तिसऱ्या दिवशी मूठभर ज्वारी आणतात.
मूठभर ज्वारी दगडंच खाऊन टाकतात,
पीठ काय हाती येणार?
त्यायले ठाऊक हाय. मलेही ठाऊक हाय.
मी डब्यातलं थोडं पीठ पुडीत बांधतो,
वरतून एक पुस्तक.
सांजच्याले खांबाच्या लाइटाखाली बसतात
पुस्तक मांडीवर उघडून,
येणाऱ्याजाणाऱ्या पोट्ट्याले हाक मारतात,
"बाप्पा, चष्मा सापडून नाई राह्यला, एवढी ओळ सांग बरं."
एक ओळ सांगता सांगता
पोट्टं धडा वाचून उठते,
दुसऱ्या दिवशी भावाले घेऊन येते.
चार वर्षं झाली चष्मा हरवून.
चष्मा त्यायले कधी नव्हताच.
शाळेची पायरीही नाई.

काल इचारत होत्या,
त्या माशाले माय सापडते का शेवटी.
म्हटलं, तुम्हाले त माहीत असन.
म्हणे, पोट्टे त्याच पानावर झोपतात रे रोज.

हं, आली लाइन.
पट्टा चढवतो, मंग आवाजात ऐकू येणार नाई,
आताच सांगा:
घरी किती जण, सगळ्यात लहान केवढं,
अन् मोठ्यानं वाचते कोण?
समुद्राचं न्याचं असन त न्या,
पण परवालोक आणून द्या.
परवा ज्वारी येणार हाय.