बुडबुडे नाहीत

खाप्याजवळच्या बंद खाणीत, मँगनीजच्या काळ्या पाण्याकाठी
उईके पाच मिनिटं नुसती बसून श्वास घेते,
नाकाला चिमटा.
चुना तापला पाहिजे, म्हणते.

अडीच किलोचा डबा. तीन तास.
ऑक्सिजनचे सेन्सर तीन:
दोघांचं जुळलं की तिसरा खोटा.
"अन् दोघंच खोटे निघाले तर, जी?"
ती हसते. उत्तर देत नाही.

मग उतरते, चाळीस मीटर,
सोडलेलाच श्वास धुऊन पुन्हा घेत.

जुन्या सिलिंडरला निदान बुडबुडे होते.
ते मोजता मोजता बिडी विझायची.
आता पाणी असं, जणू कुणी गेलंच नाही.

दोरी आहे हातात.
एक झटका म्हणजे बरी आहे.
नागपूरकडं लोडेड ट्रक जातो,
काठ थरथरतो,
दोरीही,
आणि मी उगाच
बरं म्हणतो.