नमुना क्रमांक सतरा

सहा महिने वर्गात, सहा महिने कामावर,
असा आमचा पर्यावरण तंत्रज्ञानाचा डिप्लोमा.
प्रवेशाच्या वेळी बाबांनी
फक्त दुसऱ्या सहा महिन्यांबद्दल विचारलं :
तिथे देतात ना काही?
देतात. नऊ हजार दोनशे. विद्यावेतन म्हणतात त्याला.
शब्द त्यांना आवडला.
जेवताना दोनदा म्हणून बघितला.

टाकळीच्या प्लांटवर पहिल्या दिवशी
गांगुर्डे ऑपरेटर म्हणाले, आधी वास घे.
घेतला. उलटी कशीबशी आवरली.
हा नव्हे गं, हा शहराचा. इकडे ये, टाकीपाशी.
तिथे, फेसाच्या खाली,
गच्चीतल्या कुंडीला पाणी घातल्यावर येतो
तसा वास होता.
हा आला की समजायचं जंतू जेवतायत.
नाही आला की साहेबांना फोन.
पुस्तकात याला चार पानं आणि एक आकृती आहे.

लिटरच्या नळीत गाळ बसायला तीस मिनिटं लागतात.
त्या वेळात नळीला हात लावायचा नाही, हलवायचं नाही,
नुसतं बघायचं.
घरी असं बसले असते तर आई ओरडली असती.
इथे त्याचे पैसे मिळतात.

मंगळवारी नमुने गोळा करायचे.
कागदावर नंदिनी, तोंडात नासर्डी,
पुलावरून दोरीने बादली सोडायची,
बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर वेळ.
पंधरा झाले, सोळा झाले.
सतरावा अंबडला, प्लेटिंगच्या गाळ्यांमागच्या नाल्यातला.
तिसरं शटर मला लांबून कळतं.
शाळेत असताना डबा द्यायला यायचे मी तिथे.

प्रयोगशाळेत आधी आम्ल, मग दोन थेंब.
मग थांबायचं.
क्रोमियम असेल तर रंग येतो.
आला. वांग्याच्या फुलाचा.
खरं सांगते, आधी मला तो सुंदरच वाटला.

मर्यादा शून्य दशांश एक.
आला एक दशांश चार.
पीरजादे मॅडम म्हणाल्या, पुन्हा कर.
पुन्हा एक दशांश चार.
तिसऱ्यांदा कर असं कुणी म्हटलं नव्हतं.
मी केलं.

नोंदवहीत पेन्सिल चालत नाही.

संध्याकाळी बाबा मोरीत
लिंबाच्या सालीने बोटं घासत होते.
एकवीस वर्षं झाली, पिवळं जात नाही.
आज काय शिकलीस?
एक रंग.
त्याचे देतात नऊ हजार? म्हणाले, आणि हसले
ते बराच वेळ, खोकला येईपर्यंत.

पैसे जमा झाले त्या रविवारी
म्हणाले, दाखव तरी तुझं ऑफिस.
इस्त्रीचा शर्ट घालून आले.
गांगुर्डेंनी त्यांना टाकीपाशी नेलं,
घ्या वास, म्हणाले, तुमची पोरगी पहिल्या दिवशी पळत होती.
बाबा वाकले. पुन्हा वाकले.
कठड्यावरून इतके पुढे की मी शर्ट धरला.
मला नाही येत, म्हणाले,
आमच्या लाइनीत कुणालाच नाही येत.
कधीपासून, ते त्यांना आठवेना.
आईच्या फोडणीला ते रोज छान वास सुटलाय म्हणतात.

मी नळी भरली. घड्याळ लावलं.
दोन स्टुलं घेतली.
गाळ आधी नुसता ढगासारखा फिरत राहिला,
मग कुठेतरी एक रेघ दिसू लागली,
रेघ खाली खाली.
सतरा नंबरचं त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
सोमवारी अहवाल पुढे जाणार होता,
पुढे म्हणजे कुठे, ते आम्हाला तिसऱ्या सत्रात आहे.

वर हाताएवढं पाणी नितळ झालं तेव्हा
बाबांनी पिवळं बोट काचेजवळ नेलं,
लावलं नाही.
बसतो की, म्हणाले.
बसतो, मी म्हटलं,
अजून अकरा मिनिटं आहेत.