शुक्रवारनंतर शुक्रवार

अठरा ऑक्टोबर, शुक्रवार, रात्रीचे साडेनऊ.
खराडी, सहावा मजला, खिडकीजवळची खुर्ची.
स्क्रीनवर सगळे फोन राखाडी.
इर्शाद म्हणाला, डुलकी काढ, आज अलास्का बंद.
तिथं आत्ता सकाळचे आठ वाजलेत
आणि राज्याला सुट्टी आहे,
ताबा मिळाल्याची.

ताबा म्हटल्यावर झोप कुठली. वाचत बसले.

अठराशे सदुसष्ट. सिटका नावाचं बंदर.
टेकडीवर दोन देशांचे शिपाई समोरासमोर,
भांडण नाही, व्यवहार झालेला.
बहात्तर लाख डॉलर, अख्ख्या अलास्काचे.
आमच्या आळीत बहात्तर लाख म्हटलं
की लोक विचारतात, गुंठ्याला?

रशियाचं निशाण उतरेना.
दोरीत गुंतलं, ओढलं तसं फाटलं.
एक शिपाई चढला, दमला, घसरला.
शेवटी एकाला दोरीच्या पाळण्यात बसवून वर खेचलं.
त्यानं सोडवून खाली टाकलं
ते पडलं आपल्याच माणसांच्या संगिनींवर.
गव्हर्नरची बायको चक्कर येऊन पडली म्हणतात.

शनिवारवाड्यावरचं निशाणही एका नोव्हेंबरात उतरलं.
ते कुठं अडकलं की सरळ आलं खाली,
मला माहीत नाही. त्याची आपल्याला सुट्टी नसते.

आणि कॅलेंडर.
विकणाऱ्याची तारीख वेगळी, घेणाऱ्याची वेगळी,
म्हणून सहा तारखेच्या शुक्रवारी झोपलेलं गाव
उठलं ते एकदम अठरा तारखेला,
आणि वार परत शुक्रवारच.
मधल्या अकरा तारखा खरेदीखतात गेल्या.
पावती कुणी मागितली नाही.

खाली बंदरात होड्या होत्या.
होड्यांत त्लिंगित लोक, ज्यांची ती टेकडी.
त्यांनी सगळं पाण्यातून पाहिलं.
आम्ही रशियाला विकलीच नव्हती, म्हणत होते,
मग रशियानं विकलं काय?
सातबाऱ्यावर नाव नसलं
की प्रश्न ऐकू येत नाही.

माझ्या खुर्चीच्या बरोबर खाली,
सहा मजले आणि दोन पार्किंग सोडून,
आमची विहीर आहे.
होती.
गट नंबर पाठ आहे, सांगणार नाही.
अप्पांनी आणि चुलत्यांनी दिली तेव्हा मी सातवीत.
घरावर मजला चढला, दारात गाडी आली,
मला इंग्रजी शाळा. म्हणजे ही खुर्चीसुद्धा त्यातलीच.
तक्रार नाही.

पण हौसाआत्या.
तिला वाघोलीहून आणलं निबंधकाच्या कचेरीत.
हक्कसोड. एक हिरवी नारायणपेठ, पावशेर पेढे.
दाबा घट्ट, मावशी, म्हणाला कारकून.
अंगठ्याची शाई तिनं अंगावरच्या जुन्या पदराला पुसली,
नव्या साडीला डाग नको म्हणून.
पेढे तिनं माझ्या हातात दिले.
मी खाल्ले. सगळे.

दोन वर्षांमागं ती आली होती गेटपर्यंत.
कुणाला भेटायचंय, सिक्युरिटीवाल्यानं विचारलं.
विहिरीला, म्हणाली.
त्यानं रजिस्टर उघडलं, थांबला,
येण्याचं कारण, या रकान्यात लिहिलं: पर्सनल,
आणि आत सोडलं नाही.
रस्त्यापलीकडं रसाच्या गाडीजवळ उभी राहिली ती,
बराच वेळ, वर बघत.
मी हात केला असेल.
इथल्या काचा बाहेरून आरसा असतात.

तीनच्या सुमाराला एकच फोन वाजला. सिटका.
म्हातारा आवाज: आज चालू कशा तुम्ही?
मी म्हटलं, मी पुण्यात आहे, तुम्हालाही सुट्टी असेल ना?
ती म्हणाली, आमच्या घरी आज सुट्टी धरत नाहीत.
मग काही बोलली नाही. मीही.
मग क्लेमचा नंबर सांगितला तिनं, सावकाश,
आणि मी एकेक आकडा दोनदा विचारला,
गरज नसताना.

खाली आले तर शनिवार उजाडला होता.
कॅब घराकडं निघाली होती, सोडून दिली.
वाघोलीची रिक्षा धरली.