कोपऱ्यातली निळी

गुरुवारी संध्याकाळी दार्दोच्या पंक्चरच्या दुकानात
टायरांवर पुठ्ठे टाकून आम्ही बसतो.
गावाचं नाव त्रेइन्ता-इ-त्रेस, म्हणजे तेहतीस.
आम्ही चौघंच.

माते मी भरते. पेला एकच, नळी एकच,
गरम पाणी ओतायचं, प्यायचं, परत माझ्या हातात.
फोटोही तसेच फिरतात, उजवीकडून,
बोटाला ग्रीस असेल तर कडेने धरून.

विल्मारला पक्षी हवे असतात.
पक्ष्यांना विल्मार नको असतो.
त्याच्याकडे फांद्यांचा मोठा संग्रह आहे.
"इथे बसला होता," बोट टेकवून सांगतो,
"आत्ता, एवढ्यात, लाल तुऱ्याचा,"
आणि आम्ही त्या रिकाम्या फांदीकडे
मान तिरकी करून बघत राहतो,
न जाणो, परत यायचा.
ओलिमार नदीतला त्याचा कार्पिंचो,
जगातला सगळ्यात थोरला उंदीर,
म्हणजे पाण्यावर एक तपकिरी उशी.

ओफेलिया बसने फिरते, एकटी.
तिचे डोंगर, तिचे तलाव, तिचं बारिलोचे,
सगळ्यांवर खिडकीची काच, काचेत ओफेलिया,
कपाळातून रस्ता गेलेली,
गालावर कुठल्याशा गावाचं चर्च.
"मी यात नाहीच आहे, नीट बघा ना!" ती चिडते.
आम्हाला डोंगर आठवत नाहीत.

दार्दो गाड्यांचे काढतो,
पण अख्खी गाडी कधीच नाही.
एक दिवा. दाराची मूठ.
गंजाचा डाग, इतक्या जवळून की बेट वाटावं.
का, ते कुणी विचारलं नव्हतं.

मग विल्मारने एकदा बिस्किटांचा जुना डबा आणला
आणि त्यातून न्यांदू काढला, शहामृगाचा धाकटा भाऊ,
कुंपणालगत पळणारा,
पाय आहेत, मान नाही.
"एकोणनव्वद साल," तो म्हणाला,
"एवढ्या जवळून हा एकच."
आम्ही मानेबद्दल हळहळलो.
दार्दो बोलेना.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दिव्याखाली नेला
आणि अंगठा ठेवून पक्षी झाकून टाकला.
डाव्या कोपऱ्यात, धुळीत, नखाएवढी
एक निळी फोर्ड. मागची फळी पांढरी.

"ती फळी मी बसवली होती," तो म्हणाला.
"रंग फ्रिजचा. उरलेला."

बँकांना कुलपं लागली त्या वर्षी
निळी सरहद्दीपार विकली गेली, हे गावाला ठाऊक होतं.
तिचा एकही फोटो त्याच्यापाशी नाही
हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.
मला त्याच्या साऱ्या मुठी आठवल्या, दिवे, गंज.

तीस वर्षं मी या गावाच्या फिल्म धुतल्या.
लग्नं, बाप्तिस्मे, पुरात बुडालेला पूल,
सगळं त्यांच्याआधी मी पाहिलं
आणि तोंड बंद ठेवलं.
हा न्यांदूही माझ्याच हातून गेला होता.
मान नाही म्हणून विल्मारला निम्मेच पैसे लावले होते.
कोपरा मी पाहिला नव्हता.

पुढच्या गुरुवारी तो मोठा करून नेला.
मोठी करता करता गाडी विरली,
दाणे उरले, निळे, मध्ये थोडे पांढरे.
दार्दोने घेतला. कडेने, रीतसर.
बराच वेळ आपल्याकडेच ठेवला,
पुढे सरकवलाच नाही,
आणि ओफेलियानेही हात पुढे केला नाही.

आमच्यात पेला परत देताना
"ग्रासियास" म्हणत नाहीत.
म्हटलं तर अर्थ एकच: पुरे, आता मला नको.

दार्दोने पेला माझ्या हातात दिला
आणि म्हणाला, "ग्रासियास."

विल्मार छताच्या वाशाकडे बघू लागला,
जसं काही तिथे येऊन बसलंय.
कशाबद्दल, ते मी विचारलं नाही.
पाणी अजून गरम होतं.
विल्मार झाला, ओफेलिया झाली,
फेरी त्याच्यापाशी आली,
मी भरून पुढे केला

आणि तो प्यायला.