नरक्या

मेणाचा ठोकळा बर्फावर ठेवला
आणि चिठ्ठीवरचं नाव वाचलं:
सटूप्पा भरमू गावडे, वय अडुसष्ट, मु. कणकुंबी, ता. खानापूर.
खाली डॉक्टरांच्या घाईच्या अक्षरात
आतड्याचा तुकडा, दोन नग.
नग. जणू पानपट्टीवरून आणलेत.

शैलाक्का म्हणाली, दे इकडं, मी कापते.
मी म्हटलं, नको.
बाबांची नखंसुद्धा मीच काढते
रविवारी गावी गेले की.

चाक फिरवलं.
चार मायक्रॉन म्हणजे किती, हे त्यांना एकदा सांगितलं होतं,
कांद्याच्या पापुद्र्याहूनही बारीक.
"मग त्येची भाजी कशी व्हायची," म्हणाले होते.
रिबन निघाली, सलग, एक सुरकुती नाही.
कोमट पाण्यावर सोडली, काचेवर उचलली.
हात थरथरला नाही,
याचं अजून थोडं वाईट वाटतं.

मग रंग. आधी निळा-जांभळा,
तोही कुठल्या दूर मुलखातल्या झाडाच्या गाभ्यातला.
मग गुलाबी.
स्लाइड वाचणं माझं काम नाही.
पण एकोणीस वर्षं भांडी घासणाऱ्या बाईला
कळतंच ना, त्या घरात काल काय शिजलं होतं.
निरोगी आतड्यात ग्रंथी ओळीनं उभ्या असतात,
चिखलात लावलेल्या रोपांसारख्या.
इथं कुणीतरी तरव्याची पेंढीच भिरकावून
निघून गेलं होतं.

ट्रे डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवला.
बारावा नंबर. पुढं सरकवला नाही.

आमच्या लहानपणी चोर्ल्याच्या वळणावर
रात्रीचा ट्रक यायचा, दिवे मालवून.
बाबा आणि अजून चौघं
नरक्याची पोती चढवायचे, तुकडे करून, वाळवून.
ओला नरक्या चिरला की मेलेल्या उंदराची घाण सुटते,
आई त्यांना आंघोळीशिवाय चुलीपाशी येऊ द्यायची नाही.
किलोला सात रुपये.
कशाला नेता, विचारलं तर दलाल सांगायचा, रंगाला.
त्या सात-सात रुपयांतून माझी अकरावी सायन्स,
टिळकवाडीतली कॉट, आणि एक पांढरा कोट,
जो मला दोन वर्षं मोठाच होत राहिला.
पुढं फॉरेस्टवाले आले.
तोवर डोंगरात धरण्यासारखं काही उरलं नव्हतं,
बाबांना धरलं.
चार दिवस. त्याबद्दल ते बोलत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात औषध बदललं.
बाटलीवरचं नाव मी घरी येऊन धुंडाळलं.
चीनमधल्या एका झाडात पहिल्यांदा सापडलं,
मग कुणाच्या तरी लक्षात आलं
की सह्याद्रीतल्या एका घाणेरड्या वासाच्या झाडात
ते त्याहून जास्त आहे.
पानापानावर लॅटिन नाव.
एका तळटीपेत मात्र, कसं कोण जाणे, नरक्या.
दिवा तसाच ठेवून किती वेळ बसले होते,
मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात त्यांना सांगितलं.
सलाईन थेंबाथेंबानं उतरत होतं, फिकट पिवळं.
ते बराच वेळ स्टँडकडं बघत राहिले.
मग विचारलं, "बाटलीचा दर काय?"
मी खोटा सांगितला, बराच कमी,
तरी त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं
आणि मोजणं मध्येच सोडून दिलं.
सुई नसलेल्या हातानं नळी नाकापाशी ओढली,
हुंगली,
पुन्हा हुंगली.
"वासच न्हाई," म्हणाले.
"फसवलंय तुला कुणीतरी."

तेवढ्यात गोकाककडची नर्स आली, उशी नीट केली,
"ऊट आयता, अज्जा?"
"आयतव्वा," बाबा म्हणाले,
आणि तोंड भिंतीकडं केलं.
डबा सकाळपासून तसाच होता.