पांढरी

आमच्या भाषेत पांढरी म्हणजे नांदतं गाव,
काळी म्हणजे पिकतं रान.
इथे, यातेंगात, तलातो बोट दाखवते
चुना सांडल्यासारख्या उघड्या माळाकडे
आणि म्हणते: झिपेले. पांढरी जागा.
जिथे कुणीच नांदत नाही,
गवतसुद्धा.

मी माती तपासायला आलो होतो.
पिशव्या, लेबलं, लोखंडी गिरमिट.
गिरमिट तीन बोटं गेलं आणि किंचाळलं.
तलातो हसली. म्हणाली,
पाऊस येतो की इथे. दार लागलेलं असतं.
उंबऱ्यावरूनच परत फिरतो,
आणि जाताना आमचीच माती कडेवर घेऊन
खालच्या गावाला जातो.

बाजार दर तिसऱ्या दिवशी.
दोन बाजारांच्या मध्ये तिचे दोनशे खड्डे होतात.
आखूड दांड्याची कुदळ, कमरेत वाकून,
वीतभर रुंद, वीतभर खोल,
उकरलेली माती उताराच्या अंगाला, कोरीसारखी.
मग प्रत्येकात दोन ओंजळी:
शेळ्यांच्या लेंड्या, चुलीची राख,
ज्वारीच्या धाटांचा कुजका चुरा.

शेजारचा सिबिरी बांधावरून ओरडला,
म्हातारी वाळवीला जेवू घालतेय!
तिने मान वर न करता सांगितलं,
हो. आवतण गेलंय. पंगत रात्री बसेल.

रात्री मी बॅटरी घेऊन गेलो.
माझ्या घरी वाळवी दिसली की रॉकेल आणतात.
इथे ती आली
फिकट, आंधळी, ओळीने,
लेंडी कुरतडत, चिखल थुंकत,
आणि खाली उतरली, कवच पोखरून,
जिथे माझं गिरमिट थांबलं होतं
त्याच्याही खाली.

मग हरमाटान सुटला.
आठ दिवस दुपार पिवळी, दातांत कचकच.
कुठल्या कुठल्या देशांतली, कुणाकुणाची शेतं
हवेत उडत होती.
खड्ड्यांनी त्यातली थोडी ठेवून घेतली.

जूनमध्ये मी पुन्हा गेलो.
एक पाऊस होऊन गेला होता, पाऊण तासाचा.
त्यानंतर बावीस दिवस आभाळ कोरडं.
सिबिरीच्या सपाट रानात
रोपं सुतळीसारखी वळली होती.
तलातोने माझं मनगट धरलं
आणि हात खड्ड्यात घातला, ज्वारीच्या मुळाशी.
गार होतं.
आजारी माणसाच्या कपाळावर ठेवायची पट्टी
जेवढी गार असते तेवढंच,
पण बावीस दिवस.

माझ्या फॉर्मवर रकाने होते:
सामू, नत्र, स्फुरद, पालाश.
वाळवीला रकाना नव्हता.
समासात लिहिलं, बारीक अक्षरात.

यांबाचा फोन आला,
आयव्हरी कोस्टहून, कोकोच्या मळ्यातून.
किती पोती होतील?
ती म्हणाली, विहिरीच्या वाटेवरच्या ओळीत
झांगा उगवलाय.
पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
आई, मी पोती विचारली.
ती म्हणाली, ऐकलं मी.

शेळीच्या पोटातून आलेलं बी,
लेंडीसकट पेरलं गेलेलं.
झांगा उलट्या काळजाचं झाड आहे:
पावसाळ्यात पानं टाकून उघडं होतं,
ज्वारीला ऊन सोडतं,
आणि सगळं करपलं की हिरवं होतं,
शेळ्यांपुरतं, सावलीपुरतं.
सावली पडायला दहा-पंधरा वर्षं.
तलातो अडुसष्टची.
तिने रोपाभोवती काटे खोचले.
शेळ्यांवर तिचा विश्वास नाही,
बी त्यांनीच आणलं असलं तरी.

निघायच्या आदल्या संध्याकाळी सिबिरी आला.
काही बोलला नाही.
खड्ड्याशी बसला, पंजा ताणून
रुंदी मोजली, खोली मोजली,
मग आपल्याच तळव्याकडे पाहत राहिला.
माझी वीत मोठी आहे, तो म्हणाला.

चालेल, तलातो म्हणाली.
लेंड्या जास्त लागतील.